मी कठड्यात उभी राहिलेली माणसं पाहिली

मित्रांनो, मी एक जुना लाकडी कठडा आहे. न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर आरोपी उभा राहतो ना, तो. मला घडवणाऱ्या सुताराने माझा वरचा दांडा पुन्हा पुन्हा घासला. म्हणाला, "इथे घाबरलेले हात टेकणार. कुसळ लागायला नको."

चाळीस वर्षं मी हात धरले. त्यातले एका गवंड्याचे विसरत नाही.

शेजारच्या जिल्ह्यात भिंत कोसळून एक मजूर गेला होता. पोलीस ती बांधणाऱ्या या गवंड्याला शोधत होते. तो इथे राहणाऱ्या थोरल्या बहिणीबरोबर आमच्या न्यायालयात आला आणि म्हणाला, "मी स्वतःहून हजर होतोय." त्याने माझा दांडा घट्ट धरला होता.

फौजदारांनी सात दिवसांची कोठडी मागितली. दंडाधिकारी बाईंनी कागद दोनदा वाचले.

"सात दिवस कशासाठी?"

"चौकशीसाठी, मॅडम."

"कसली चौकशी?"

फौजदार कागद चाळू लागले. तेवढ्यात बहीण हात जोडून पुढे आली. "बाई, तुम्ही चांगल्या आहात. तुम्हीच सोडा ना माझ्या भावाला!"

बाई शांतपणे म्हणाल्या, "ताई, मी चांगली असले म्हणून माझा अधिकार वाढत नाही. हा खटला तिकडच्या न्यायालयाचा. याला तिथवर सुखरूप पोचवणं, एवढंच माझ्या हातात आहे. आणि ते मी करणार."

त्यांनी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतचीच कोठडी दिली. आज डॉक्टरी तपासणी, उद्या तिकडे हजर करायचं, आणि बहिणीला कळवल्याशिवाय कुठेही हलवायचं नाही. सगळं स्वतःच्या हाताने लिहिलं. मग गवंड्याला विचारलं, "कुणी मारलं तर तिथल्या न्यायाधीशांना सांगशील?" त्याने मान हलवली. बोटं जरा सैल झाली.

पुढे वर्षभराने कारकुनाने बातमी आणली. भिंत कच्ची आहे असं गवंड्याने ठेकेदाराला आधीच लिहून दिलं होतं. तो निर्दोष सुटला. बाई "बरं झालं" म्हणाल्या आणि पुढचं नाव पुकारायला सांगितलं. असं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

आता नव्या इमारतीत लोखंडी कठडा आलाय. मी दप्तरखान्यामागे पडून आहे, अंगावर जुन्या फायलींचे गठ्ठे. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण मित्रांनो, मला पुसून ठेवलं नाहीत तरी चालेल. एवढं मात्र करा: कुणाला पकडून नेताना दिसलं, की लगेच त्याला गुन्हेगार म्हणू नका. त्याचं ऐकून घेणं अजून बाकी असतं.