न दिसलेले दिवे

दादाचा एक डोळा काचबिंदूने गेला आणि तेव्हापासून तो धाकट्या बहिणीच्या, सगळ्यांच्या ताईच्या, मागे हात धुऊन लागला. "सख्ख्या भावंडांना धोका असतो. एकदा तपासून घे."

"मला अजून सुईत दोरा ओवता येतो," ताई त्याला उडवून लावायची. टेबल टेनिस शिकवण्यात तिची उभी हयात गेलेली. पण हल्ली उजवीकडून येणारा चेंडू हवेतून उगवल्यासारखा अचानक समोर यायचा. एकदा तो सरळ गालावर आदळला, तेव्हा मात्र ती मुकाट्याने दादाबरोबर दवाखान्यात गेली.

तक्त्यावरची शेवटची ओळ तिने घडाघडा वाचली. मग एका डोळ्यावर पट्टी लावून तिला पांढऱ्या घुमटासारख्या मशीनसमोर बसवलं. नजर मधल्या ठिपक्यावर ठेवायची आणि कुठेही दिवा लुकलुकला की बटण दाबायचं.

"तुमचं मशीन मध्येच झोपतं हो," उठताना ती म्हणाली. "बराच वेळ एकही दिवा लागला नाही."

"दिवे लागतच होते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी कागद पुढे केला. उजवा कोपरा काळा होता.

"पण मला तिथे काळं काहीच दिसत नाही!"

"नाहीच दिसणार. जे दिसत नाही ते मेंदू आजूबाजूचं बघून भरून काढतो. दुखतही नाही, म्हणून कळत नाही."

त्यांनी तिला एक डोळा झाकायला लावला आणि पेन हळूहळू बाजूला नेलं. पेन नाहीसं झालं. त्याच्या जागी भिंत होती, अखंड, कुठेही फट नसलेली. ताईने मान वळवली, तर पेन तिथेच होतं. ती भिंत कोण रचत होतं? इतकी वर्षं, बिनबोभाट, तिच्याच डोक्यात बसून?

"दादा, अरे, किती बेमालूम!" ती कुजबुजली.

"मलाही माझ्या मेंदूने असंच फसवलं," दादा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, नवलच होतं.

तिलाही काचबिंदूच होता. गेलेलं परत येणार नव्हतं, उरलेलं राखता येणार होतं. रोज न चुकता थेंब, ठरल्या वेळी तपासणी. ताई चेंडूकडे मान वळवून बघायला शिकली. पुढच्या वर्षी कागदावरचा काळा कोपरा तसूभरही वाढला नव्हता. दवाखान्याच्या पायरीवरूनच तिने लेकीला फोन लावला.

"डोळे तपासायला चल."

"मला नीट दिसतं गं आई."

"मलाही दिसत होतं, बाळा. काय सुंदर दिसत होतं! तू ये तर खरी."