पदराचा पट्टा

निरोप आला तेव्हा जानराव अकोल्याच्या मोटार स्टँडवर आपल्या गाडीत बाळापूरच्या सवाऱ्या बसवत होता. बायको, केशरबाई, आजारी म्हणून अमरावतीला भावाकडे गेली होती. तिकडून बसनं आलेल्या माणसानं त्याला बाजूला घेतलं.

"जानरावभाऊ, केशरबाई सकाळी गेल्या. तुमच्यासाठी मयत ठेवली हाय. लवकर चाला."

सवाऱ्या उतरवून जानरावनं सेल्फ मारला. नुसतं टक् झालं. लोकांनी धक्का मारून गाडी चालू करून दिली. मूर्तिजापूरच्या पुढे इंजिन भुकभुकलं आणि बंद पडलं, मग धक्क्यानंही चालू होईना. एका ट्रकवर बसून तो पोचला तेव्हा चिता विझत आली होती.

दिवसकार्य आटोपल्यावर त्यानं गाडी ओढून घरी आणली, सीटखालची बॅटरी काढली, खांद्यावर घेतली आणि जुन्या शहरात खुशालराव बॅटरीवाल्याच्या दुकानापुढे आदळली.

"तुह्या बॅटरीनं मले तिचं तोंड नाई पाहू देलं!"

गल्ली जमा झाली. खुशालराव म्हणाला, "बॅटरी चांगली हाय भाऊ. गाडी दाखवा मले."

"गाडीले काई नाई झालं!"

गाडी दाखवायची त्याला लाज वाटत होती. केशरबाई अमरावतीला जायच्या आधी बाळापूरच्या रस्त्यात पंख्याचा पट्टा तुटला होता. तिनं लुगड्याचा पदर फाडला, पिळला आणि ती म्हणाली, "हे बांधा. पण अकोल्यात गेल्यावर पैले नवा पट्टा घ्या बरं." गाडी चालली, म्हणून त्यानं घेतला नाही. स्टँडवरचा दुसरा ड्रायव्हर सूर्यभान तसाही म्हणायचा, "जानराव म्हंजे बायकोच्या पदराले बांधेल माणूस!" सूर्यभाननं बोनेटखाली हा पदर पाहिला असता तर स्टँडवर राहणं मुश्कील झालं असतं. बॅटरी भरते की नाही ते दाखवणाऱ्या मीटरचा काटा उणेकडे जायचा. जानराव काचेवर टिचकी मारायचा. पंखा फिरतो, म्हणजे पट्टा ठीक, असं त्याला वाटायचं.

स्टँडवरच्या गाड्या खुशालरावकडे जायच्या बंद झाल्या. मग एक दिवस तो तीच बॅटरी भरून खांद्यावर आणि हातात तार, बल्ब घेऊन जानरावच्या दारात आला. न विचारता त्यानं बॅटरी सीटखाली बसवली आणि बोनेट उघडलं.

"चालू करा इंजिन."

बल्ब डायनामोला, त्याच पट्ट्यावर फिरून बॅटरी भरणाऱ्या यंत्राला, जोडला होता. पंखा गरगर फिरत होता, पण बल्ब नुसता लालसर झाला. खुशालरावनं इंजिन बंद करायला लावलं, पट्ट्याची गाठ ओढून घट्ट केली. इंजिन पुन्हा चालू झालं तसा बल्ब लख्ख पेटला.

"डायनामो साबूत हाय. पट्टा घसरून राहिला. पंखा कसाही फिरते भाऊ, डायनामोले जोर लागते. तो फिरला नाई तं बॅटरी कुठून भरन?" मग त्यानं बोटानं कापड चाचपलं. हिरवं होतं, तेलानं काळं पडलेलं. "हे लुगडं कोनाचं?"

"तिचं."

"अन् सांगतलं कावून नाई?"

"सूर्यभान हसला असता."

खुशालरावनं तार गुंडाळली. "माह्या दुकानावर कोनी येत नाई आता," एवढंच बोलून तो गेला.

जानरावनं त्याच दिवशी नवा पट्टा आणून घातला. काटा अधिककडे सरकला. पदराची पट्टी त्यानं सोड्यानं धुतली, तरी तेल निघालं नाही.

तो रोज स्टँडवर जातो. सूर्यभान आता थट्टा करत नाही, चहा पाजतो आणि म्हणतो, "त्या खुशालरावनं लयच वाईट केलं तुह्यं." जानराव चहा पितो. बॅटरी चांगली होती, हे त्यानं अजून कोणाला सांगितलेलं नाही.