उजव्या पायाचा चाप

"हलू नकोस गं! पडलीस तिथेच पडून राहा!" इंग्वे ओरडला.

गुन्नेल पडून राहिली. हलणार तरी कशी? बूट आणि स्केटचं पातं जोडणारा चाप उजव्या बुटाला तसाच चिकटून होता आणि चापाखालचं लांब पातं मात्र सुटून घसरत घसरत दोन बेटांमधल्या फटीकडे निघालं होतं. तिथे मेलारेन सरोवराच्या पाण्याला ओढ असते, बर्फ कधीच भरवशाचा नसतो. अजून दोन मिनिटांनी पातं सुटलं असतं, तर त्यामागोमाग तीही तिथेच गेली असती. कोपर ठणकत होतं, पण त्याहून जास्त डोकं तापलं होतं.

इंग्वे पोटावर सरपटत गेला आणि लांब काठीच्या टोकाने पातं ओढून घेऊन आला. सगळ्यांच्या पुढे राहून बर्फ ठोकून बघायचं काम त्याचं, त्यामुळे सगळ्यांना दम भरायचा हक्कही त्याचाच.

"तिन्ही स्क्रू गायब! बसवला कुणी होता हा?"

"कुणी म्हणजे? अल्वारने. तुझेही त्यानेच बसवलेत."

इंग्वेने पटकन आपल्या पायांकडे पाहिलं. "माझे गेल्या वर्षीचे आहेत," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजातला सुटल्याचा भाव ऐकून गुन्नेलच्या अंगाचा तिळपापड झाला. गेल्या वर्षीचे, म्हणजे अल्वारला पक्षाघाताचा झटका यायच्या आधीचे.

"निघताना ओढून बघितला नाहीस?"

नव्हता बघितला. बर्फावर उतरण्याआधी प्रत्येक जण दुसऱ्याच्या गळ्यातली दाभणं तपासतो. लाकडी मुठीची ती दोन दाभणं गळ्यात नसतील, तर बर्फ फुटल्यावर काठ धरून वर यायला दुसरं काही नसतं. पण नवऱ्याने बसवलेला चाप कोण तपासत बसतं? तीस वर्षांत तशी वेळ आली नव्हती.

"काठाकाठाने चालत घरी जा," इंग्वे म्हणाला. "चाप पक्का झाल्याशिवाय माझ्या मागे यायचं नाही. आणि उद्याच काय ते. परवा हिम पडणार म्हणतात, त्याखाली बर्फ झाकला गेला की मग बसा चार महिने पांढऱ्या गाद्यांकडे बघत."

काळा, आरशासारखा पहिला बर्फ. त्याच्यासाठी ती वर्षभर जगायची. बस चालवायची तेव्हासुद्धा पहिल्या बर्फाच्या दिवशी तिची हमखास सर्दी व्हायची, आणि वरिष्ठांनाही ती सर्दी ठाऊक होती. या वर्षी तर वसंतात झटका आल्यापासून घर, दवाखाना, अल्वारचे व्यायाम आणि अल्वारचा अबोला यापलीकडे काही नव्हतं. तिला हे दोन दिवस हवे होते. त्यातला एक तर गेला.

घरी पोचली तेव्हा तीनच वाजले होते, तरी अंधारून आलं होतं. बूट न काढता ती थेट तळघरात उतरली. अल्वार कामाच्या टेबलाशी बसला होता, उजवा हात मांडीवर.

तिने पातं त्याच्यापुढे आदळलं. "हे बघ! बघ तुझी करामत!"

त्याने स्क्रूंची रिकामी भोकं पाहिली. चेहरा पांढराफटक पडला. "लागलं का तुला?"

"लागलं का विचारतोस? अरे, मेले असते मी! सांग, स्क्रू पिळले होतेस की नाही?"

"पिळले होते." मग हळूच, "शेवटचा फेरा सोडून."

"का?"

"हात वळला नाही."

"मग मला हाक मारायला काय झालं होतं? वरच तर होते! बटाटे सोलत!"

"स्क्रूंना लावायचा निळा गोंद जास्त घातला. सुकल्यावर चाप ओढून पाहिला, हलला नाही. वाटलं, धरेल." तो टेबलाकडे बघत बोलत होता. "गोंदावर भरवसा ठेवू नका म्हणून मीच सगळ्यांना सांगत आलोय."

"म्हणजे हात चालत नाही हे बायकोला सांगण्यापेक्षा बायको बुडालेली बरी! असंच ना? वा रे वा! केवढा तो ताठा!"

तो रिकाम्या भोकांवरून डावा अंगठा फिरवत राहिला, आणि त्यामुळे ती आणखीच भडकली. दुसरं काही आदळायला मिळतंय का म्हणून तिने भिंतीकडे पाहिलं. खिळ्याला अल्वारचे स्केट्स टांगलेले होते, नेहमीसारखे तेल लावून पुसलेले. पण पात्यांवर चाप नव्हते. प्रत्येक पात्यावर तीन उघडी भोकं तेवढी दिसत होती.

तिचे जुने बूट तडकले म्हणून तिने नवे घेतले होते. नव्या तळव्याला जुना चाप बसेना, आणि दुकानात हवा तो जोड नाताळानंतरच येणार होता. "मिळाला एक जोड कुठेतरी," अल्वार म्हणाला होता, आणि तिनेही जास्त विचारलं नव्हतं.

"माझ्या पायातले चाप तुझे आहेत," ती म्हणाली.

"मला काय करायचेत आता?"

"ते तू एकट्याने ठरवलंस? कुणाला विचारून?" आता तिचा आवाज फुटला. "दरवर्षी दोघं जात होतो ना आपण? मग यापुढे मी एकटीच जाणार, हे मला खिळ्यावर बघून कळायचं? डॉक्टर तर म्हणतात, हातात जोर येईल. आणि तू चाप काढून मोकळा!"

"येणार नाही, गुन्नेल. मला कळतं ना."

तिला ओरडून "येईल!" म्हणायचं होतं. तोंडाशी आलंही. पण वसंतापासून रोज सकाळी त्याच्या बोटांत रबरी चेंडू तीच तर देत होती, आणि रोज तो चेंडू जमिनीवरून तीच उचलत होती.

तिने टोपी काढून फेकली, पातं व्हाइसच्या शिकंज्यात आवळलं, बुटाला लटकलेला चाप सोडवून त्यावर ठेवला, डब्यातून तीन नवे स्क्रू काढले आणि स्क्रूड्रायव्हर उचलला. "सांग. आधी कुठला?"

"पुढचा. गोंद थेंबभरच."

"तेवढं कळतं मला."

"कळतं तर विचारतेस कशाला? तिरका चाललाय, सरळ धर."

ती पिळत राहिली. तो डावा हात चापावर दाबून धरून होता. डाव्या पायाचेही स्क्रू काढून तिने पुन्हा बसवले. शेवटच्या स्क्रूला तिने रागाने जोर लावला तेव्हा तो म्हणाला, "बास. आणखी पिळलास तर आटे जातील." ती थांबली.

सकाळी ती निघाली तेव्हा तो कोट घालून, चालायची काठी टेकत दारात उभा. "काठापर्यंत येतो," एवढंच म्हणाला. तिने नको म्हटलं नाही आणि ये असंही म्हटलं नाही.

काठावर इंग्वे आणि बाकीचे पट्टे आवळत होते. अल्वारला पाहून सगळे जरा बाजूला सरकले. त्याच्या गळ्यात दाभणं होती. बर्फावर एक पाऊलही टाकणार नव्हता, तरी घालून आला होता. एका हाताने दोरी आवळता न आल्यामुळे ती पार पोटापर्यंत लोंबत होती.

गुन्नेलचा राग गेला नव्हता. तरी तिने हातमोजे काढले, त्याच्यासमोर उभी राहिली आणि दोरी आवळून दाभणं नियमाप्रमाणे हनुवटीखाली आणली.

"घट्ट?"

"घट्ट," तो म्हणाला. मग त्याने काठी बगलेत धरली. "उजवा पाय वर कर."

तिने केला. तो कष्टाने वाकला, डाव्या हाताने चाप धरून एकदा ओढला, दुसऱ्यांदा जोरात ओढला. सगळे खोळंबले होते, पण कुणी घाई केली नाही.

"जा," तो म्हणाला.