कान अर्धा चौकोन मोठा

स्पर्धा मीच काढली होती, हे आधी सांगून टाकतो. म्हणजे नंतर कोणी मला बिचारा म्हणायला नको.

वाचनालयाच्या जिन्यात मीच कागद चिकटवला: शंभर दिवस, शंभर चेहरे. रोज एक. माणूस समोर बसलेला हवा, वेळ अर्धा तास, खोडरबराला हात लावायचा नाही, आणि वाचनालय बंद व्हायच्या आत चित्र जिन्याच्या भिंतीवर लागलं पाहिजे. हात सुधारण्यासाठी सराव, असं मी सगळ्यांना सांगितलं. माझा स्वतःचा हात सुधारायला हवा असं मला मुळीच वाटत नव्हतं. बावीस वर्षं मी फोटोवर चौकोन आखून लोकांचे चेहरे मोठे करून देतोय. कितीतरी घरांत माझी चित्रं आहेत. पण माझ्या वडिलांनी एकदाही त्यातल्या एकासमोर पाय थांबवला नाही. "छापल्यासारखं आलंय," एवढं बोलून ते पुढे जातात. शंभर दिवस सगळी भिंत माझी झाली की म्हातारा कधीतरी थांबेल, एवढ्यासाठी हा खटाटोप.

आठ जण आले. विसाव्या दिवसापर्यंत तीन उरले: मी, एक निवृत्त नर्स, आणि माझ्या स्टुडिओच्या खालचा सलूनवाला.

सलूनवाल्याचं पहिलं चित्र म्हणजे केस लावलेला बटाटा. केस मात्र छान कापलेत, असं मी सगळ्यांसमोर म्हणालो. तोही हसला. मग म्हणाला, मास्तर, जरा चुका काढून देत जा. मी म्हटलं, बघू. तो रोज विचारायचा आणि मी रोज बघू म्हणायचो.

चाळिसाव्या दिवसापर्यंत लोक माझ्या चित्रांवरून सरळ जिना चढायला लागले होते आणि त्याच्या चित्रांपाशी थांबायला लागले होते. मी वरच्या पायरीवर उभा राहून मोजायचो. नर्सबाई त्याच्या पोस्टमनकडे बघून म्हणाल्या, हा आता शिंकणार. माझाही पोस्टमन शेजारीच टांगलेला होता. ओळखू येत होता. पण तो जन्मात शिंकला नसता.

त्याच्या अंगठ्याला वस्तरा लागावा, असं मी मनात म्हटलंय. फार नाही, महिनाभर पट्टी राहील इतपत. लाजबिज काही वाटली नाही.

एकदा सहज विचारतोय असं दाखवून त्याला म्हटलं, सुरुवात कुठून करतोस? सगळं जग डोळ्यांपासून करतं, मीही तसंच करतो. हा म्हणाला, "कानापासून. दिवसभर कानाभोवतीच तर काम. तो कुठंय हे हाताला माहीत असतं. तिथनं चालत चालत नाकापर्यंत जायचं." मी घरी गुपचूप करून पाहिलं. कान झाला. पुढे चालता येईना.

एकाहत्तराव्या दिवशी त्यानं माझ्या वडिलांना भिंतीवर लावलं.

वडील त्याच्याकडे एक दिवसाआड दाढीला जातात. माझ्यासमोर बसा म्हटलं की त्यांची कंबर दुखते. फोटो आहे की तुझ्याकडे, म्हणतात. त्या खुर्चीत मात्र अर्धा तास बसले होते. कवळी काढलेली, गाल आत गेलेले, फेस लावायची वाट बघताना तोंड जरासं उघडं. चित्रासमोर ते थांबले. मी वरच्या पायरीवरून बघत होतो. त्यांनी हात वर करून स्वतःचा गाल चाचपला.

"हा मी," ते म्हणाले.

दुपारी वाचनालय दोन तास बंद असतं. स्पर्धेसाठी म्हणून जिन्याची किल्ली माझ्याकडेच होती. मी चित्र काढून आणलं, स्टुडिओत टेबलावर पसरलं आणि कडक पेन्सिलीनं त्यावर चौकोन आखले. फाडायचं नव्हतं. त्यात काय आहे ते मला शोधायचं होतं. मापं घेतली. डावा डोळा खाली. हनुवटी सरकलेली. कान अर्धा चौकोन मोठा. एकही चौकोन बरोबर नाही, आणि सगळे मिळून माझा बाप.

रेघा खोडायला गेलो तर कागदात रुतल्या होत्या. तेवढ्यात सलूनवाला जिना चढून वर आला, गळ्यात टॉवेल तसाच. चित्र कुठे गेलं ते विचारायला आला होता. त्यानं टेबलाकडे पाहिलं. आता हा कॉलर धरणार, म्हणून मी उभा राहिलो.

"काढल्या शेवटी चुका," तो म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता, हे मला अजून सहन होत नाही. "सत्तर दिवस मागे लागलोय तुमच्या. कान मोठा झालाय ना? मलाही वाटलं. किती?"

"अर्धा चौकोन," मी म्हटलं. "आधी चौकोन आखत जा. कान शेवटी. डोळ्यांपासून सुरुवात कर."

त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. आणि मी ते का सांगतोय, हे मला पक्कं ठाऊक होतं.

त्यानं मोजपट्टी आणली. पंचाहत्तराव्या दिवसापासून गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यासमोर पेन्सिल आडवी धरून तो मापं घ्यायला लागला. नव्वदाव्यापर्यंत त्याचे कान जागच्या जागी, डोळे एका रेषेत. लोक त्याच्याही चित्रांवरून सरळ जिना चढू लागले. त्या आठवड्यात मला झोप छान लागली.

शंभराव्या दिवशी त्यानं पुन्हा वडिलांना बसवलं. मीही त्यांचंच चित्र लावलं, फोटोवरून, नियम मोडून. कोणाला कळणार होतं? वडील दोन्हींसमोर आले, चष्मा वर-खाली केला.

"दोन्ही छापल्यासारखी आलीत," ते म्हणाले. मग सलूनवाल्याला विचारलं, "आणि मी कुठाय? तो आधीचा?"

"मास्तरांकडे आहे," तो सरळपणे म्हणाला. "सुधारायला घेतलाय त्यांनी."

वडील माझ्याकडे वळले. बावीस वर्षांत पहिल्यांदा माझ्यासमोर थांबले, चांगले थांबले.

"झाला का सुधारून?" त्यांनी विचारलं.