पाचवं शील आणि पोटाचा फोटो

माझा नवरा अश्वजित दारूचा थेंबही घेत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या धाड गावात सध्या एवढं सोडून बाकी सगळं सांगितलं जातं.

पाण्याच्या पंपाच्या जळालेल्या मोटारी रिवाइंड करायचं त्याचं दुकान आहे. दर पौर्णिमेला बुद्धविहारात वंदना तोच सांगतो. तो पंचशीलातलं एकेक शील म्हणतो आणि मागून सगळे म्हणतात. पाचवं शील नशापाणी न करण्याचं. चार वर्षांपासून जेवण झालं की त्याचं पोट दुखायचं आणि कळ थेट पाठीत जायची. बुलढाण्याला सोनोग्राफी केली तेव्हा स्वादुपिंडात खडे दिसले. तिथल्या माणसाने दारही न लावता विचारलं, कधीपासून पिता? बाहेर बाकावर आमच्याच गावच्या दोन बाया बसलेल्या. आमची जीप धाडला पोचायच्या आधी बातमी पोचली.

मग विहार समितीचे अर्जुनराव घरी आले. चहा घेतला आणि म्हणाले, मोठी तपासणी होईस्तोवर वंदना दुसऱ्या कोणाला सांगू द्या, लोकांच्या तोंडाला कुठं हात लावायचा. अश्वजित मान खाली घालून ऐकत राहिला. मला अर्जुनरावांपेक्षा त्याचाच जास्त राग आला. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि संन्यासी गप्प.

मोठ्या शहरात जाऊन एमआरआय केला. डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं. निरोगी स्वादुपिंड या फोटोत उजळ दिसतं, याचं काळपट पडलं होतं. जखम भरल्यावर कातडीवर राहतो तसा वण आतल्या मऊ मांसात धरला होता. तो आता जायचा नाही, पण पुढे वाढू नये म्हणून जपता येईल, म्हणाले. चार वर्षं ज्याला सगळे गॅस म्हणत होते, ते दुखणं समोर दिसत होतं. मला रडू आलं. मग मी कागद वाचला आणि रडू पळालं. खाली लिहिलं होतं, कारण: मद्यपान.

"हे मशीनमंदी दिसलं का?" मी विचारलं.

"नाही. मशीनमध्ये वण दिसतो. तो कशाने पडला ते दिसत नाही. सहसा दारूच असते."

"मंग सहसाचा कागद सहसाले द्या. ह्यायचा कागद ह्यायले द्या."

बाहेर पेशंट थांबलेत, असं ते म्हणाले. मी खुर्ची ओढून बसले. अश्वजित माझी बाही ओढत होता, त्यालाही बसवलं. शेवटी डॉक्टरांनी पहिल्यांदाच त्याला नीट विचारलं, लहानपणी दुखायचं का? शाळेत असल्यापासून अधूनमधून, रोजचं मात्र चार वर्षांपासून, तो म्हणाला. मग मात्र डॉक्टर खजील झाले. कधीही न पिणाऱ्यांनाही हे होतं, आपल्याकडे तर कोवळ्या वयातही होतं, म्हणाले. लिहिलेलं खोडून त्यांनी 'कारण अज्ञात' लिहिलं आणि सही केली.

पौर्णिमेला विहाराच्या दारात अर्जुनरावांनी हात पुढे केला. कागद सगळ्यांना वाचून दाखवू म्हणजे विषय मिटेल, म्हणाले. भांडून मिळवलेला कागद मी पिशवीतून काढायला लागले, तर अश्वजितने माझा हात धरला.

"काका," तो म्हणाला, "शील घेतलं तवा कोनं कागद मांगतला नोता. आता ज्याले पाह्यचा असंल, त्यानं आधी आपलं पोट मशीनमंदी घालावं."

तो पुढे जाऊन बसला आणि म्हणू लागला. चार शीलं झाली. पाचव्याला कळ आली आणि तो मध्येच वाकला. अर्जुनराव हळूच म्हणाले, राहू दे बाबा, बाकीचं आम्ही म्हणतो. अश्वजितने मानेनेच नाही म्हटलं. घाम पुसला, पाठ ताठ केली आणि पाचवं शील पहिल्या शब्दापासून पुन्हा म्हटलं.

मागून मी इतक्या मोठ्याने म्हटलं की बाहेर रस्त्यावर ऐकू गेलं असेल. जावंच.