मी एकटीने राखलेला समुद्र

मित्रांनो, मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. तरी सांगते, कारण खरं बोलण्याची मला जन्मापासूनची खोड आहे.

मी एक जुनी किडनी आहे. मुठीएवढी, तांबूस-तपकिरी, पाठीच्या कण्याच्या उजव्या अंगाला, शेवटच्या बरगड्यांच्या आडोशाला राहणारी. डाव्या अंगाला कोण राहतं ते विचारू नका. शेजाऱ्यांविषयी बोलायला मला आवडत नाही. किडनीला ऐकू कसं येतं, असं कुणीतरी मनात म्हणालंच! अहो, माझा आकार कधी पाहिलात का? हुबेहूब कान. एवढा मोठा कान असून ऐकू येणार नाही, तर काय वास येणार?

माझा जन्म पार खाली, ओटीपोटात झाला. माझा मालक अजून आईच्या पोटात होता, तेव्हाच मी तिथून सरकत सरकत पाठीत चढून आले. ना दोर, ना शिडी. आणखी वर गेले असते, पण यकृत नावाचं धूड आधीच पथारी पसरून बसलं होतं. म्हटलं, राहू दे, मोठ्यांच्या तोंडी कोण लागतं! तेव्हापासून मी त्याच्या खाली बिऱ्हाड थाटलं आहे.

माझा मालक काचेच्या कारखान्यात काम करतो. लांब लोखंडी नळीच्या टोकाला भट्टीतली वितळलेली काच घ्यायची आणि दुसऱ्या टोकातून फुंकून तिचे दिवे, बरण्या, फुलदाण्या करायच्या, हे त्याचं काम. फुंकताना गाल टम्म होतात, म्हणून सगळे त्याला फुग्या म्हणतात. त्याची बायकोसुद्धा म्हणते, पण घरात कुणी नसताना.

आता माझं काम ऐका. प्रत्येक माणसाच्या अंगात एक खारट समुद्र असतो. घाम चाटून बघा, अश्रू चाखून बघा, पटेल. त्या समुद्रात पाणी किती, मीठ किती, आंबटपणा किती, हे सगळं मोजकंच लागतं. मीठ थोडं कमी झालं की डोकं बिघडतं. पोटॅशियम नावाचा एक क्षार आहे, तो जास्त झाला की हृदयाचा ताल चुकतो. आंबटपणा वाढला की सगळा कारभारच बसतो. हा समुद्र मी राखते. दिवसाकाठी पावणेदोनशे लिटर पाणी रक्तातून गाळते, त्यातलं जवळजवळ सगळं परत रक्तात सोडते आणि नको तेवढं दीड-दोन लिटर बाहेर घालवते. एकटीने. बघा, बसला का विश्वास?

आंबटपणाच्या कामात माझे भागीदार म्हणजे फुप्फुसं. ती श्वासावाटे आंबटपणा बाहेर टाकतात. त्यांचं काम घाईचं, माझं सावकाशीचं. फुग्या कारखान्यात नवा होता तेव्हा पहिल्याच दिवशी उस्तादांवर छाप पाडायला तो धापा टाकत, एकामागून एक फुंकत सुटला. अंगातला आंबटपणा इतका उडाला की त्याच्या ओठांना मुंग्या आल्या आणि बोटं आखडली.

उस्ताद म्हणजे भट्टीवरचे सगळ्यांत जुने कारागीर. ते म्हणाले, "अरे, काच फुंकतोयस की भट्टी विझवतोयस? बस तिकडे. हळू श्वास घे."

मी बाह्या सरसावून कामाला लागेपर्यंत त्याची बोटं सरळ झालीसुद्धा. फुप्फुसांनी परस्पर मिटवलं. असो. सगळीच लढाई आपल्या वाट्याला येते असं नाही.

खरी लढाई पुढे आली.

या कारखान्यात एक रीत होती. काच नळीवर असताना ती सतत फिरवत ठेवावी लागते, थांबलं की ती लोंबते आणि तुकडा वाया जातो. म्हणून काम अर्धवट टाकून जो लघवीला जाईल त्याला सगळे 'गळका नळ' म्हणायचे. हे नाव एकदा चिकटलं की काही केल्या सुटत नसे. मग या बहाद्दरांनी उपाय काय काढला? मोठा तुकडा करायचा असला की सकाळपासून पाणीच प्यायचं नाही! आणि तुकडा उतरला की ज्याने फुंकला त्याने दीड-दोन लिटरची कळशी तोंडाला लावून तोंड न काढता रिकामी करायची, बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या.

त्या दिवशी एका सभागृहाच्या छताला टांगायचा मोठा गोळा करायचा होता. फुग्याने घरून निघताना चहासुद्धा घेतला नाही.

बायको शिवणकाम करते. मशीनवरून मान वर न करता ती म्हणाली, "घोटभर पाणी तरी पिऊन जा."

"आणि दुपारी 'गळका नळ' म्हणून घेऊ?"

"त्यापेक्षा वाळका फुगा बरा वाटतो का?"

तो हसला आणि गेला. मला मात्र हसू आलं नाही.

भट्टीपुढे त्याच्या अंगातून घामाच्या धारा लागल्या. घामाबरोबर पाणी गेलं, मीठही गेलं. डोक्यातून मला हुकूम आला, 'पाणी धरून ठेव, थेंबही सोडू नकोस.' मी हुकमाची ताबेदार. मुठी आवळून बसले. पहिला गोळा तडकला. दुसरा साधला, पण तोवर दुपार उलटून गेली होती. फुग्याने कळशी उचलली.

"होऊ दे! होऊ दे!" सगळे ओरडले. त्याने एक कळशी संपवली. कुणीतरी दुसरी पुढे केली आणि तो तीही प्यायला. सगळं नुसतं पाणी. मिठाचा कण नाही, पोटात घास नाही.

मित्रांनो, वरून पूर आला आणि डोक्याचा हुकूम मात्र तोच राहिला, 'धरून ठेव, सोडू नकोस.' दमलेलं, मळमळणारं शरीर घाबरून जुनाच हुकूम पुन्हा पुन्हा देतं. मी काय करणार? पाणी साठत गेलं, उरलंसुरलं मीठ त्यात पातळ होत गेलं आणि माझा समुद्र अळणी झाला. अळणी पाणी पेशींमध्ये शिरतं आणि त्या फुगतात. मेंदूच्याही. आणि मेंदूला फुगायला जागा कुठली? भोवती हाडाची कवटी!

फुग्या कसाबसा घरी पोचला, दारातच बसला आणि ओकला. मग कोपऱ्यातला झाडू उचलून त्याच्या दांड्यातून फुंकायला लागला.

मागोमाग त्याला बघायला आलेले उस्ताद म्हणाले, "ऊन बाधलंय. पाणी पाजा. भरपूर पाजा."

मी आतून किंचाळत होते, 'नको! पाणी नको!' एवढा मोठा कान दिला देवाने, पण तोंड दिलं नाही.

बायकोने पेला भरून आणला. त्याच्या ओठाशी नेला. आणि थांबली. ती रोज माणसांची मापं घेते. तिची नजर त्याच्या मनगटावर गेली. घड्याळाचा पट्टा कातडीत रुतला होता.

"उस्ताद, हे बघा. सकाळी हे घड्याळ सैल होतं. घामाने माणूस सुकतो की सुजतो?"

उस्तादांनी वाकून पट्टा पाहिला.

"फुग्या, मी कोण?" तिने विचारलं.

तो तिच्याकडे बघून म्हणाला, "मावशी, भट्टी बंद करा."

त्याची मावशी जाऊन कैक वर्षं झाली होती. बायकोने पेला मोरीत ओतला. "रिक्षा बोलवा," ती म्हणाली. तिचा आवाज बदलला नव्हता.

दवाखान्यात पोचता पोचता त्याला आकडीचा झटका आला. डॉक्टरीणबाईंनी आधी तो थांबवला, मग रक्त तपासलं आणि बायकोला विचारलं, "पाणी किती प्यायले?"

"दोन कळश्या. माझ्यासमोर," उस्तादच म्हणाले. "टाळ्याही मीच वाजवल्या."

"रक्तातलं मीठ फार उतरलंय. आता तोंडाने पाणी बंद. मिठाचं दाट पाणी शिरेतून देते. थोडं थोडं, मोजून."

"मोजून कशाला, बाई? सगळं एकदम द्या की! जीव चाललाय पोराचा."

डॉक्टरीणबाई उस्तादांच्या भाजलेल्या बोटांकडे बघत म्हणाल्या, "काचेचं काम करता ना? भट्टीतून काढलेला तुकडा गार पाण्यात बुडवता का कधी?"

"छे! तडकेल ना. हळूहळूच निववावा लागतो."

"मग हेही तसंच. घाई केली तर मेंदूला इजा होते."

उस्ताद भिंतीला टेकून खाली बसले. त्यानंतर त्यांनी घाई केली नाही आणि दुसऱ्या कुणाला करूही दिली नाही. फुग्याचा भाऊ धावत आला आणि आरडाओरडा करू लागला, तर उस्तादांनीच त्याला दटावलं, "गप रे. काच निवतेय."

हळूहळू मीठ चढलं. डोकं भानावर आलं आणि मला येणारा हुकूम बदलला, 'सोड आता.' काय सांगू! मी अशी काही सुटले की दवाखान्यातल्या लघवीच्या पिशव्या पुरल्या नाहीत, बादल्या आणाव्या लागल्या, बादल्या भरल्या आणि बाहेर रस्त्यावर नावा चालल्या. बरं, नावा राहू द्या. पिशव्या मात्र खऱ्या.

फुग्याने डोळे उघडले. बायको उशाशी होती. तो बारीक आवाजात म्हणाला, "गळका नळ झालो गं मी."

"हो," ती म्हणाली. "वाहा. पाहिजे तेवढा वाहा." आणि मग इतका वेळ धरून ठेवलेलं रडू तिला आलं. खारट, अगदी योग्य मापाचं.

घरी सोडण्याआधी डॉक्टरीणबाईंनी पोटावर यंत्र फिरवून मला पाहिलं. पडद्यावर बघून त्या म्हणाल्या, "किडनी उत्तम आहे हो तुमची." इतक्या वर्षांत माझं तोंडावर कौतुक पहिल्यांदाच झालं. ते मी अजून जपून ठेवलं आहे.

कारखान्यातली रीत आता गेली. मोठा तुकडा करताना उस्ताद स्वतः शेजारी उभे राहतात. कुणी चुळबुळ केली की म्हणतात, "जा, जाऊन ये. नळी मी फिरवतो." बाकावर पाण्याचं भांडं असतं, शेजारी खायला काहीतरी खारट असतं, आणि घोट घोट प्यायचं असतं. टाळ्या फक्त काचेला.

म्हणून मित्रांनो, एवढंच मागणं आहे. तहान लागली की पाणी प्या, पैज लागली म्हणून पिऊ नका. लघवी लागली की जा, कुणी हसलं तर हसू द्या. मी म्हातारी होत चालले आहे, पण तक्रार कसलीच नाही. ज्या हाताने पेला मोरीत ओतला त्या हाताची मी ऋणी आहे. घाई न करणाऱ्या डॉक्टरीणबाईंची आहे, भिंतीला टेकून बसलेल्या उस्तादांची आहे. फुप्फुसांची आहे, हृदयाची आहे, अगदी त्या पथारी पसरलेल्या यकृताचीही आहे. कारण हा समुद्र मी एकटीने राखला असला, तरी…

"ए, खोटारडे!"

कोण ओरडलं? कण्याच्या पलीकडून आवाज आला. डाव्या अंगाने.

"एकटीने? आणि मी काय जन्मभर इथे झोपा काढत होते? अर्धं पाणी मी गाळलं, अर्धा पूर मी उपसला. यकृताचेसुद्धा आभार मानलेस, आणि सख्खी बहीण दिसली नाही होय? अगं, मलाही कान आहे! डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, 'दोन्ही किडन्या उत्तम आहेत.' दोन्ही!"