गुंडीची परतलेली नजर

शिंप्याच्या दुकानाबाहेर मुंगी शिरायला जागा नव्हती. दारात, खिडकीत, समोरच्या जिन्यावर माणसं माना उंचावून उभी होती. रातोरात आंधळी झालेली शिंप्याची कुत्री, गुंडी, आज बघू लागणार होती.

"आत कुणी यायचं नाही. एकही वस्तू हलवायची नाही," तिला बरं करायला आलेल्या बाबांनी बजावलं. "वस्तू हलली की लहरी विस्कटतात. मी डोळ्यांना नाही, लहरींना हात घालतो."

लहरींना हात कसा घालतात, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. बाबांनी गुंडीच्या कपाळावर तळवा टेकवला, घसा खाकरला आणि तिला दाराशी सोडलं. आत कपाटापाशी बसलेल्या शिंपिणीने हाक मारली. गुंडी निघाली. शिलाई मशीनला वळसा घालून, कापडाच्या गठ्ठ्यांमधून, कापायच्या टेबलाखालून ती थेट मालकिणीच्या मांडीत शिरली. कशालाही न धडकता.

शिंप्याला रडू आवरेना.

"आता डॉक्टरच्या त्या दाबाच्या गोळ्या बंद," बाबा म्हणाले. "एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत."

कुत्र्याला रक्तदाब असतो, याचंच शिंप्याला मुळात हसू यायचं. हिला कसलं आलंय टेन्शन, हिला काय पोरीचं लग्न करायचंय, असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा. गोळ्या बंद करायला त्याला फार समजवावं लागलं नाही.

थोड्याच दिवसांत गुंडीच्या नाकातून रक्त आलं. ती खाईना, एकाच जागी गोल गोल फिरू लागली. नजर बसायला वेळ लागतो, बाबांनीच सांगितलंय, असं शिंपी म्हणत राहिला. शिंपिणीने ऐकून घेतलं आणि त्याला न विचारता गोळ्या देणाऱ्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं.

बाई आल्या त्या जमिनीवरच बसल्या. घाबरलेल्या कुत्र्याचा दाब उगाच चढतो, म्हणून गुंडी शांत होईपर्यंत त्या गप्प राहिल्या. मग पुढच्या पायाला छोटा पट्टा बांधून पुन्हा पुन्हा मोजलं. दर वेळी दाब चढलेलाच निघाला. मूत्रपिंडं बिघडली म्हणून दाब वाढला, दाबाने डोळ्यांतले पडदे सुटले, आता मेंदूला धोका आहे, असं त्यांनी सांगितलं.

"पण ती चालली, बाई. अख्ख्या गल्लीने बघितलं."

"ते स्टूल तिच्या वाटेत ठेवा."

शिंपी स्टूल कधी हलवत नसे. डोळे मिटून हात घातला तरी कात्री सापडली पाहिजे, हा त्याचा हट्ट होता. एखाद्या वस्तूची जागा बदलली म्हणून बायकोला त्याचं किती वेळा ऐकून घ्यावं लागलं होतं. आज त्याने स्वतः स्टूल सरकवलं. शिंपिणीने हाक मारली. गुंडी त्याच विश्वासाने निघाली आणि तिचं तोंड स्टुलावर आपटलं. ती ओरडली नाही. नुसती उभी राहिली, जणू तिचंच काही चुकलं होतं.

शिंप्याने स्टूल बाजूला सारलं. "पिल्लू होती तेव्हापासून याच वाटेने येते ही," तो पुटपुटला. "वाट पाठ होती तिला. म्हणूनच काही हलवू देईना तो बाबा."

डोळे परत येतील का, हे त्याने विचारलं.

"गोळ्या चालू असत्या तर थोडी आशा होती," बाई म्हणाल्या. "आता जीव वाचवू."

संध्याकाळी बाबा बेकरीवाल्याला आणि त्याच्या म्हाताऱ्या कुत्र्याला घेऊन आले. गुंडी हा त्यांचा पुरावा होता. शिंपी दारात आडवा उभा राहिला. आतलं सगळं सामान जागचं हलवलंय, आता दाखवा तिला चालवून, असं तो म्हणाला. श्रद्धा नसलेल्या घरात लहरी टिकत नाहीत, असं बोलत बाबांनी काढता पाय घेतला. बेकरीवाला घोटाळत उभाच राहिला.

"मीही डोळ्यांनी बघितलं होतं, भाऊ," शिंपी म्हणाला. "बघितलं, पण असं कसं झालं ते विचारलं नाही. तेवढं विचारलं असतं तर हिचे डोळे कदाचित वाचले असते. तू तरी विचार. मलाही विचार, बाईंनाही विचार. जो विचारू देत नाही, त्याच्या हाती आपलं जनावर देऊ नकोस."

मग त्याने पायात चपला सरकवल्या. गुंडीच्या गोळ्या आणायच्या होत्या, आणि बाईंचा दवाखाना न पाहिलेल्या बेकरीवाल्यालाही तिथे न्यायचं होतं.